जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेक पाइपचे आटे कसे ओळखायचे

ब्रेक पाइपवर ओवलेला, बहुधा बाहेरून आटे असलेला नट भोकात बोटांनी चार-पाच फेरे आत जातो आणि मग आवळायला लागतो. पाना लावून जरा दाबला की घट्ट बसल्यासारखा वाटतो. गळतीही दिसत नाही. गॅरेजमधून गाडी बाहेर पडते आणि पहिल्यांदा जोरात ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा तोच नट आटे सोडून बाहेर येऊ शकतो. जुन्या गाड्यांच्या ब्रेक सिस्टिममध्ये ही सर्वांत धोकादायक गफलत आहे, कारण चुकीचा नट इथे ‘बसत नाही’ असं म्हणत नाही. तो बसतो.

बहुतेक वेळा घोळ दोन मापांचा असतो: ३/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असलेला ब्रिटिश-अमेरिकी यूएनएफ (बारीक आट्यांच्या मानकाचा) नट, आणि १० मिमी व्यास आणि १ मिमी पिचचा (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर) मेट्रिक नट. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी. हा नट १० बाय १ च्या भोकात घातला तर आट्यांची पकड असायला हवी त्याच्या जेमतेम निम्मी मिळते. शिवाय इंचाला २४ आटे म्हणजे पिच १.०५८ मिमी. प्रत्येक आट्याला ०.०५८ मिमीचा फरक साठत जातो आणि पाचव्या आट्याच्या आसपास नट अडकतो. हे अडकणंच घट्ट झाल्यासारखं वाटतं. पाइपचं टोक भोकाच्या तळाशी नीट टेकलेलंही नसतं.

म्हणून पहिला नियम: गाडीचं नाव बघून आटे ठरवायचे नाहीत. प्रत्येक सांधा वेगळा मोजायचा.

नावावरून फक्त अंदाज येतो

ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये आट्यांचं सामाईक मानक मान्य केलं. त्यानंतर पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश गाड्या यूएनएफकडे वळल्या. त्यामुळे एमजीबी, ऑस्टिन-हीली स्प्राइट, ट्रायम्फ स्पिटफायर, जॅग्वार ई-टाइप अशा गाडीत ३/८ इंच, २४ आटे मिळण्याची शक्यता जास्त. पोर्शे ३५६ किंवा ९११ मध्ये १० बाय १. डॅटसन २४०झेडमध्येही १० बाय १, पण पाइपच्या टोकाचा आकार जर्मन गाडीपेक्षा वेगळा. त्याबद्दल पुढे येईलच.

मुंबईत मात्र या अंदाजावर विसंबता येत नाही. १९९१ च्या आधी आयातीवर कडक बंधनं होती, मूळ पार्ट मिळणं अवघड होतं, आणि जे हाताशी असेल ते लावून गाड्या चालत्या ठेवल्या गेल्या. ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, स्टँडर्ड हेराल्ड ट्रायम्फवरून, त्यामुळे त्यांचं सामान ब्रिटिश स्पोर्ट्स कारला लावणं सोपं होतं. पद्मिनी फियाटची, म्हणजे मेट्रिक. मारुतीही मेट्रिक. एखाद्या ब्रिटिश गाडीच्या मागच्या चाकाला ॲम्बेसेडरचा व्हील सिलिंडर, पुढे मारुतीचा रबरी होज आणि मध्ये लेथवर बनवलेलं ॲडॅप्टर, अशी सरमिसळ अजिबात दुर्मीळ नाही. डाव्या चाकाचं माप उजव्याला लागू पडेल हेही गृहीत धरू नका.

काय जमवायचं

व्हर्नियर कॅलिपर हवाच, ०.०२ मिमीपर्यंत वाचणारा साधा स्टीलचा पुरेसा आहे. पिच गेज, म्हणजे आट्यांवर जुळवून बघायच्या दातेरी पानांचा संच, दोन: एक मेट्रिक आणि एक इंचाचा. इंचाच्या गेजमध्ये ५५ अंशाचे आणि ६० अंशाचे असे दोन प्रकार येतात. यूएनएफसाठी ६० अंशाचा घ्या. गाडी १९५० च्या आधीची असेल तर ५५ अंशाचाही लागेल.

फ्लेअर नट पाने, म्हणजे पाइप आत सरकण्यापुरती फट ठेवलेले रिंग पाने, ७/१६ इंच, १/२ इंच, १० मिमी आणि ११ मिमी या मापांचे घ्या. साध्या फिक्स पान्याने मऊ नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पकड लावून नट पिळण्याशिवाय मार्ग राहत नाही.

सर्वांत उपयोगी वस्तू मात्र गेजपेक्षाही स्वस्त आहे: खात्रीचे नमुना बोल्ट आणि नट. ३/८ इंच २४ चा एक बोल्ट-नट, १० बाय १ चा एक आणि ७/१६ इंच २० चा एक. हे तीन जोड खिशात असले की बाजारात आणि गाडीखाली दोन्हीकडे चटकन पडताळा घेता येतो. मशीद बंदर स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारं आणि नट-बोल्ट मिळतात. तिथे मापं सुतात चालतात: ३/८ म्हणजे तीन सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन सूत, ३/१६ चा पाइप म्हणजे दीड सूत. पण ‘तीन सूत’ एवढंच सांगितलंत तर जाड आट्यांचा, इंचाला १६ वाला बोल्ट हातात पडेल. ‘तीन सूत, चोवीस आटे’ असं पूर्ण सांगा. तसंच ‘दहाचा बोल्ट’ मागितला तर १.५ पिचचा मिळतो, कारण तोच सर्रास खपतो. १ पिच वेगळा मागावा लागतो आणि तिथेच दुकानात गेज लावून बघावा लागतो.

याशिवाय कागदी टॅग, मार्कर, पाइपची टोकं झाकायला रबरी टोप्या, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे.

नट सोडवणं

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅक-स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना उटी लावा.

गंज सोडवणारं ऑइल मारण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या आणि टॅग बांधा: ‘पुढे डावा, होज ते पाइप’, ‘मास्टर सिलिंडर, मागची लाइन’ अशा शब्दांत (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर). सगळे नट एकाच डब्यात गेले की मोजमापाचा अर्धा उपयोग संपला.

समुद्राच्या हवेत नट पाइपवरच गंजून चिकटतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. नट फिरतो पण त्याच्याबरोबर पाइपही पिळला जातोय असं दिसलं तर थांबा. पाइप नटाला लागून कापा आणि उरलेला नट सहा कोनी बॉक्स पान्याने सोडवा. तो पाइप तसाही पुन्हा वापरण्याजोगा नसतो. नट मात्र जपून ठेवा, त्यावरच माप घ्यायचं आहे. गॅस टॉर्चने तापवण्याचा मोह टाळा, कारण ब्रेक ऑइल पेट घेतं आणि जवळचा रबरी होज आतून खराब होतो.

लाइन उघडल्यावर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होईपर्यंत ऑइल टपकत राहू नये म्हणून एक युक्ती आहे. पेडल साधारण इंचभर दाबून काठीने अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधला रबर टाकीकडचं छिद्र झाकतो आणि गळती जवळपास थांबते. पेडल दाबलेलं असल्याने मागचे ब्रेक लाइट पेटून राहतील, म्हणून आधी बॅटरीची तार काढा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पुसत बसलात तर रंग उतरतो.

नट मोजणं

नट स्पिरिट आणि नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करा. ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशने आट्यांची धार गोल होते आणि व्यास कमी भरतो. मग १० मिमीचा नट ३/८ सारखा दिसायला लागतो आणि ज्या घोळातून बाहेर पडायचं तोच ओढवून घेतला जातो.

आट्यांच्या टोकांवरचा बाहेरचा व्यास तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठं वाचन धरा. आट्यांचा व्यास नेहमी नावापेक्षा थोडा कमीच भरतो. त्यानंतर पिच. गेज लावताना नट उजेडासमोर धरा. १ मिमीचं पान २४ आट्यांच्या नटावर पहिले दोन-तीन आटे अगदी बरोबर बसल्यासारखं वाटतं, पुढे मात्र उजेड दिसायला लागतो. ब्रेक नटावर आटे मुळात थोडे असतात, म्हणून एकट्या गेजवर विश्वास ठेवू नका. व्हर्नियरने एका आट्याच्या टोकापासून त्यापुढच्या पाचव्या टोकापर्यंतचं अंतरही मोजा.

चांगल्या स्थितीतल्या नटावर मिळणारी मापं, सर्व मिमीमध्ये:

– ३/८ इंच, २४ आटे (यूएनएफ): व्यास ९.३५ ते ९.५, पाच आट्यांचं अंतर ५.२९
– १० बाय १: व्यास ९.८ ते ९.९७, पाच आटे ५.००
– १० बाय १.२५: व्यास ९.७५ ते ९.९७, पाच आटे ६.२५
– १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे), २८ आटे: व्यास ९.५ ते ९.७३, पाच आटे ४.५४
– ३/८ इंच बीएसएफ (जुने ब्रिटिश बारीक आटे), २० आटे: व्यास ९.३ ते ९.५, पाच आटे ६.३५
– ७/१६ इंच, २० आटे (यूएनएफ): व्यास १०.९ ते ११.१, पाच आटे ६.३५
– ७/१६ इंच, २४ आटे: व्यास १०.९ ते ११.१, पाच आटे ५.२९
– १२ बाय १: व्यास ११.८ ते ११.९७, पाच आटे ५.००

व्यास आणि पिच ही दोन्ही वाचनं एकाच ओळीत बसली तरच निर्णय घ्यायचा. व्यास ९.६ आणि पाच आटे ५.०५ असं काही आलं तर तो झिजलेला १० बाय १ असण्याची शक्यता आहे, पण निर्णय नमुना नटाने करा: झिजलेला असला तरी १० बाय १ चा नट ३/८ च्या नमुन्यात सरळ शेवटपर्यंत जाणार नाही.

७/१६ च्या दोन ओळींकडे विशेष लक्ष द्या. ब्रिटिश गाडीत १/४ इंचाच्या पाइपला, म्हणजे बहुधा क्लचच्या लाइनला, २० आट्यांचा नट असतो. अमेरिकी पद्धतीत त्याच १/४ च्या पाइपला २४ आट्यांचा नट येतो. परदेशातून ऑनलाइन मागवताना ‘१/४ पाइपचा नट’ एवढंच लिहिलं की हमखास दुसरा येतो.

नटाच्या डोक्याचं माप कामाचं आहे, पण पुरावा म्हणून नाही. ३/८ यूएनएफच्या नटाला बहुधा ७/१६ चा पाना लागतो, म्हणजे ११.११ मिमी, मेट्रिक नटाला १० किंवा ११ चा. ११ आणि ११.११ यांतला फरक जुन्या, गंजलेल्या नटावर पाना लावून कळणं शक्य नाही. रंगाचंही तसंच. सत्तरच्या दशकात ब्रिटिश कंपन्या मेट्रिककडे वळत होत्या तेव्हा ओळख पटावी म्हणून मेट्रिक नट काळे किंवा सोनेरी आणि यूएनएफ नट रुपेरी किंवा हिरवट ठेवत. पन्नास वर्षांनी तो मुलामा उरलेला असेलच असं नाही, आणि नवीन नटांना तर कुठलाही मुलामा असतो.

भोक मोजणं

नट मोजून झाला म्हणजे भोकही कळलं असं नाही. आधीच्या कुणीतरी तिथे चुकीचा नट कोंबलेला असू शकतो. सिलिंडर, ब्रेकचा कॅलिपर, पितळी टी किंवा चौमार्गी सांधा या प्रत्येकातलं भोक स्वतंत्रपणे तपासा.

व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी आट्यांच्या टोकांमधला व्यास घ्या. ३/८ २४ साठी साधारण ८.४ ते ८.६, १० बाय १ साठी ८.९ ते ९.१५, ७/१६ २० साठी ९.७ ते १०.०५ मिमी. लहान भोकात व्हर्नियर तिरका बसतो, त्यामुळे हे वाचन मार्गदर्शक मानायचं. शिवाय १/८ बीएसपीचं आतलं माप ३/८ च्या इतकं जवळ येतं की या एका मोजमापाने दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. खरी परीक्षा नमुना बोल्टची. बोल्ट बोटांनी, पाना न लावता, तळापर्यंत गेला पाहिजे आणि आत गेल्यावर डावी-उजवीकडे हलता कामा नये. चार फेऱ्यांनंतर अडकला तर पिच वेगळा. खूप हलत असेल तर व्यास वेगळा किंवा आटे खाल्लेले.

आटे खराब दिसले म्हणून लगेच आटे पाडायचा टॅप फिरवू नका. चुकीच्या मापाचा टॅप शिल्लक आटेही कापून टाकतो आणि धातूचा चुरा लाइनमध्ये जाऊन सिलिंडरच्या रबरावर ओरखडे काढतो. आटे गेलेल्या सिलिंडरवर योग्य उपाय म्हणजे दुसरा सिलिंडर.

टोकाचा फ्लेअर: आट्यांइतकाच महत्त्वाचा

ब्रेक लाइनमध्ये आटे गळती थांबवत नाहीत. ते फक्त पाइपचं फुलवलेलं टोक तळाशी दाबून धरतात. गळती तिथे, धातूवर धातू बसून थांबते. म्हणून ब्रेक नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळणं पूर्ण चूक आहे. टेपमुळे नट खोटा घट्ट लागतो आणि टेपचा तुकडा आत सुटला तर मास्टर सिलिंडरचं छिद्र बुजू शकतं.

फ्लेअरचे दोन आकार लक्षात ठेवा. एक बाहेर फुगलेला, बुडबुड्यासारखा. दुसरा दुहेरी दुमडलेला, आत खोलगट. ब्रिटिश यूएनएफ गाड्यांत साधारण पद्धत अशी: नटाचे आटे बाहेरून असतील तर फ्लेअर फुगलेला, नटाचे आटे आतून असतील तर दुहेरी खोलगट. जर्मन १० बाय १ ला फुगलेला. जपानी १० बाय १ ला मात्र दुहेरी, आणि अमेरिकी गाड्यांतही दुहेरीच. आटे सारखे आहेत म्हणून जर्मन पाइप डॅटसनला लावला तर नट नीट जातो आणि टोक गळतं.

भोकात टॉर्च मारून बघा. तळाशी मधोमध उंचवटा, छोटासा सुळका दिसला तर तिथे दुहेरी फ्लेअर बसतो. तळ ड्रिलच्या टोकासारखा खोलगट असेल तर फुगलेला. हे दिसायला एक मिनिटही लागत नाही आणि नवशिक्यांच्या अर्ध्या गळत्या इथेच टळतात.

नियमात न बसणाऱ्या जागा

ऑइलच्या दाबावर चालणारा ब्रेक लाइटचा स्विच बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत १/८ इंच एनपीटीचा (अमेरिकी पाइपच्या आट्यांचा) असतो, इंचाला २७ आटे. हे आटे उतरते असतात, म्हणजे टोकाकडे निमुळते. व्हर्नियरने टोकाशी आणि मुळाशी वेगवेगळा व्यास येतो, तीच त्याची खूण. याला सरळ आट्यांचा नट लावायचा नाही.

होजच्या टोकाकडेही नीट बघा. यूएनएफ होज कॅलिपरच्या तोंडावर तांब्याच्या वॉशरने गळती थांबवतो. मेट्रिक होज पुष्कळदा भोकाच्या तळाशी टेकतो, त्यामुळे त्याच्या षटकोनी डोक्याखाली फट राहते आणि वॉशर नसतो. ती फट पाहून ‘अजून आवळायला हवा’ असं वाटतं आणि नवखे लोक इथे आटे मारतात. हवा काढायचा ब्लीडर निपल आणि ऑइल आतून जाणारा पोकळ बँजो बोल्टही वेगळे मोजा. कॅलिपर यूएनएफ असला तरी निपल बदललेला असू शकतो.

खरेदी आणि जोडणी

ऑपेरा हाउसच्या मोटर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना जुना नट, जुन्या पाइपचं टोक आणि नमुना बोल्ट सोबत न्या. ‘एमजीचा नट द्या’ म्हणू नका; ‘३/८, चोवीस, बाहेरून आटे, दीड सुताच्या पाइपचा’ असं सांगा. घेतलेला प्रत्येक नट दुकानातच नमुन्यावर फिरवून बघा. एकाच पुडीत दोन मापांचे नट निघतात.

पाइपसाठी ४.७५ मिमी व्यासाचा, ब्रेकसाठीच विकला जाणारा घ्या. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप मुंबईच्या दमट हवेत उत्तम, वाकवायला आणि फ्लेअर करायला सोपा. एसी-फ्रिजचा तांब्याचा पाइप दिसायला तसाच असतो, पण तो ब्रेकला कधीही लावू नका. सततच्या कंपनाने आणि ब्रेकच्या दाबाने तो कडक होऊन तडकतो. आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपवर ओवला आहे ना, हे दरवेळी तपासा.

जोडताना प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत न्या. पान्याची गरज अगदी अखेरीस, फ्लेअर टेकल्यावर. बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे लागलेत किंवा माप चुकलंय. दोन्ही वेळा नट बाहेर काढायचा. किती आवळायचं ते त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. गरजेपेक्षा जास्त आवळलेला फ्लेअर चपटा होऊन तडकतो आणि पुन्हा वापरता येत नाही.

ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलं वापरा. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान १५५. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. टाकीत सिलिकॉनचं डॉट ५ असेल तर त्यात डॉट ३ किंवा ४ मिसळू नका.

लाइनमधली हवा काढून झाली की एकाने पेडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरावं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवावा. टिश्यूवर ओलेपणाचा ठिपका आला तर नट आणखी आवळण्याआधी सोडवून फ्लेअर बघा. पेडल धरलेलं असताना हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर दोष सांध्यात नाही, मास्टर सिलिंडरच्या रबरात आहे. सगळं कोरडं राहिलं तरी पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, चालण्याच्या वेगाने घ्या. हँडब्रेक आधी तपासलेला असू द्या. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तोच टिश्यू फिरवा आणि प्रत्येक सांध्याचं माप, फ्लेअरचा प्रकार आणि तारीख एका कागदावर लिहून मॅन्युअलमध्ये ठेवा. गाडीखाली पुढे जो कुणी शिरेल त्याला मोजायला निदान सुरुवात मिळेल.